घर, भाडं आणि कायदा (लेखांक ४) : कुलूप लावण्यापूर्वी

१ फेब्रुवारी १९७३ ही तारीख मुंबईतल्या घरमालकांच्या एका पिढीला कायमची लक्षात राहिली. त्या दिवशी जो कोणी चालू लायसन्स करारावर दुसऱ्याच्या जागेत राहत होता, त्याला मुंबई भाडे कायद्यातल्या दुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा आणि त्यासोबतचं सगळं संरक्षण मिळालं. जागा अकरा महिन्यांसाठी दिलेली असली, तरी ती परत मागण्याचा सोपा मार्ग बंद झाला. सरकारची बाजूही समजण्यासारखी होती. भाडेनियंत्रणातून सुटण्यासाठी मालक भाडेकरूला कागदोपत्री ‘लायसन्सी’ म्हणत होते आणि जागेच्या टंचाईने गांजलेली माणसं पुढ्यात येईल त्या कागदावर सही करत होती. पण त्या दुरुस्तीने घरमालकांच्या मनात बसलेली धास्ती पन्नास वर्षांनंतरही गेलेली नाही. ‘एकदा माणूस घरात शिरला की निघत नाही’ हे वाक्य पुण्यात कोथरूडला, ठाण्यात घोडबंदर रोडला आणि नागपुरात धरमपेठेत सारख्याच खात्रीने ऐकायला मिळतं.

या धास्तीला आणखी जुनं कारणही आहे. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाणभूत भाडं ठरवताना १ सप्टेंबर १९४० रोजीचं भाडं पायाला धरलं. पुढे सिमेंट महागलं, गवंड्याची मजुरी वाढली, घरपट्टी वाढली; भाडं जिथल्या तिथे राहिलं. डिसेंबर १९९७मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवलेलं भाडं आता अवाजवी झालं आहे, असं स्पष्ट सांगितलं. त्या कायद्याची मुदत काही महिन्यांतच संपणार होती, म्हणून न्यायालयाने तो रद्द केला नाही. पण नव्या कायद्याची गरज त्यानंतर कोणी नाकारू शकलं नाही.

२०११च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी आढळली. ही सगळी भाडेकरूच्या भीतीने कुलूपबंद होती असं म्हणता येणार नाही. गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेली, वारसांच्या वादात अडकलेली घरंही त्यात असणार. तरीही ज्या शहरात दहा बाय दहाच्या खोलीसाठी माणसं वणवण करतात, तिथे एवढी घरं रिकामी असणं जिवाला लागतं. घरमालकाची भीती कमी झाली, तर त्याचा पहिला फायदा घर शोधणाऱ्यालाच होईल.

भीती कमी व्हायला कायद्याचा भक्कम आधार आहे, तो बहुतेकांना ठाऊक नाही एवढंच. १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. तोवर पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा या तिन्ही भागांत वेगवेगळे जुने कायदे चालत होते. त्यांच्या जागी हा एक आला. त्यातलं कलम २४ प्रत्येक घरमालकाने एकदा तरी नीट वाचावं. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेलं घर मुदत संपताच मालकाला परत मिळालं पाहिजे, असं ते सांगतं. राहणाऱ्याने सोडलं नाही, तर ताबा मिळेपर्यंत ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे करायचा असतो आणि लेखी करारात जे लिहिलं आहे, तो त्याबाबतचा निर्णायक पुरावा मानला जातो. मूळ मालक मधल्या काळात वारला, तर त्याच्या वारसालाही हाच अधिकार मिळतो. १९७३च्या घरमालकाकडे यातलं काहीच नव्हतं.

मग वाद कुठे होतात? बहुतेक वेळा करारातच.

‘अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी कशाला?’ हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. त्याचं मूळ १९०८च्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी त्या कायद्याने सक्तीची केली, म्हणून देशभर अकरा महिन्यांचे करार रूढ झाले. महाराष्ट्रात मात्र १९९९च्या कायद्याच्या कलम ५५ने ही पळवाट बंद केली आहे. करार अकरा महिन्यांचा असो की पाच वर्षांचा, भाड्याचा असो की लिव्ह अँड लायसन्सचा, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून जड परिणाम पुढे आहे: नोंदणीकृत करार नसेल, तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, ते खोटं असल्याचं मालकाने सिद्ध करायचं. भाडं पंचवीस हजार ठरलं होतं की अठरा, मुदत अकरा महिने होती की तीन वर्षं, सगळं भाडेकरूच्या शब्दावर. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून आणलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे.

आणि हे सगळं वाचवायचं तरी किती रुपयांसाठी? पुण्यात महिना पंचवीस हजार भाडं आणि एक लाख डिपॉझिट असलेलं घर घेऊ. अकरा महिन्यांचं भाडं होतं २ लाख ७५ हजार. परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के दराने व्याज धरतात, ते अकरा महिन्यांचं साधारण ९ हजार १६७. दोन्हींच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सातशे रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार, ग्रामीण भागात पाचशे. नोंदणीच्या एजंटची फी धरली, तरी एका महिन्याच्या भाड्याच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खेटे घालण्याचीही आता गरज उरलेली नाही. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, डायनिंग टेबलावर दोन्ही बाजूंचे अंगठे आणि फोटो होतात, आणि नोंदणीकृत कराराची प्रत ऑनलाइन मिळते.

अडचण अशी की त्या टेबलावर करार सहसा कोणी वाचत नाही. एजंटकडे तयार मसुदा असतो, त्यात नावं आणि रकमा भरल्या जातात. वाद ज्या गोष्टींवरून होणार असतात, त्या तिथे नसतातच. सोसायटीचा मेंटेनन्स भाड्यात धरला आहे की वेगळा? गिझर बिघडला तर दुरुस्ती कोणाची? दोन महिने भाडं थकलं तर करार तिथेच संपेल का? लॉक-इनच्या काळात घर सोडलं तर काय? घरात नेमकं कोण कोण राहणार? हा शेवटचा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित. दोन मुलींच्या नावाने घेतलेल्या घरात पाच जणी राहू लागल्या की मालक चिडतो, सोसायटी त्याच्याहून जास्त चिडते, आणि करारात संख्येचा उल्लेखच नसल्याने कोणालाच बोट ठेवता येत नाही. राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव करारात घालायला दोन ओळी पुरतात.

दुरुस्तीबद्दल थोडं थांबायला हवं. नियमित भाडेकरूच्या बाबतीत कायद्याने ही जबाबदारी मालकावर टाकली आहे. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. एका वर्षात ही रक्कम वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत जाऊ शकते. लिव्ह अँड लायसन्समध्ये हे करारातच ठरवून घेतलेलं बरं. छतातून गळणारं पाणी, भिंतीतली वायरिंग, ड्रेनेज ही कामं मालकाची. बल्ब, नळाचा वॉशर, तुंबलेलं सिंक राहणाऱ्याचं. अशी विभागणी बहुतेक समजूतदार माणसं बोलून मान्य करतात. ती कागदावर आली की पावसाळ्यातला एक वाद कमी होतो.

आता किल्ली हातात देण्याचा दिवस. करारापेक्षाही या दिवसाचं महत्त्व मोठं आहे, कारण अकरा महिन्यांनंतरचा डिपॉझिटचा वाद इथे ठरतो. मालकाने आणि भाडेकरूने एकत्र घरातून फिरावं. वीजमीटरचा आकडा वाचावा आणि फोटो काढावा. स्वयंपाकघरातला ओटा, गॅसपाइपचा नॉब, सिंकखालचा कप्पा उघडून पाहावा. बाथरूममध्ये गिझर चालू करून पाणी तापतं का ते बघावं, फ्लश ओढावा. सरकत्या खिडक्यांच्या मच्छरजाळ्या फाटल्या आहेत का, भिंतीला आधीची किती भोकं आहेत, पंखे किती, ट्यूब किती, कपाटाच्या किल्ल्या किती, ही यादी दोघांच्या सहीने करावी आणि मोबाईलवर चित्रीकरण करून तिथल्या तिथे एकमेकांना पाठवावं. यात फार तर अर्धा तास जातो.

असं केलं नाही, तर घर सोडताना दोघंही आपापल्या आठवणीवर भांडतात. मालकाला आठवतं की भिंती पांढऱ्याशुभ्र होत्या. भाडेकरूला आठवतं की हॉलमध्ये ओल होती. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात भाडेपट्ट्यासाठी एक न्याय्य कसोटी आहे: जागा घेतली तशी परत करायची, नेहमीच्या वापराने होणारी झीज मात्र वगळून. उन्हाने विटलेला रंग, बोअरच्या क्षाराने खराब झालेलं गिझरचं कॉइल ही झीज झाली. फुटलेलं बेसिन, न विचारता ड्रिल मारून तडकलेली टाइल हे नुकसान. रंगकामाच्या नावाखाली सरसकट एक महिन्याचं भाडं कापून घेण्याची पद्धत पुण्या-मुंबईत बोकाळली आहे. ती रक्कम आधी ठरवून करारात लिहिलेली नसेल, तर असं कापणं अन्यायाचं आहे, हे घरमालकांना सांगायलाच हवं. भाडेकरू शेवटचे दोन महिने भाडं न देता ‘डिपॉझिटमधून वळतं करा’ म्हणतो, त्यामागे बहुतेकदा हीच धास्ती असते. डिपॉझिट हिशेबासह परत मिळेल अशी त्याची खात्री असेल, तर तो भाडं अडवत नाही. म्हणून रक्कम किती दिवसांत परत करणार आणि कापली तर बिलं दाखवणार, हेही करारात असावं.

डिपॉझिटचाच आणखी धोकादायक प्रकार म्हणजे मुंबई, ठाणे, कल्याण पट्ट्यातलं ‘हेवी डिपॉझिट’. मालक एकरकमी मोठी रक्कम घेतो, भाडं नाममात्र किंवा अजिबात नाही. मालकाला बिनव्याजी पैसा मिळतो, राहणाऱ्याचं दरमहा भाडं वाचतं. मुदत संपते तेव्हा ती रक्कम मालकाने मुलीच्या लग्नात, दुकानात, कर्जात घातलेली असते. पैसे परत मिळाल्याशिवाय राहणारा हलत नाही आणि त्याला दोष कसा द्यायचा? घेतलेले लाखो रुपये परत करण्याची सोय नसेल, तर घरमालकाने या वाटेला जाऊ नये.

इथे एक खुलासा गरजेचा आहे. निवासी जागेसाठी दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही, असे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात. ही मर्यादा केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यातली आहे. तो राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे. राज्याने तो स्वीकारून स्वतःचा कायदा केला, तरच त्या राज्यात लागू होतो.

सोसायटीचा ससेमिरा हे वादाचं आणखी एक ठिकाण. घर भाड्याने दिलं की बिनभोगवटा शुल्क लागतं, पण त्याला मर्यादा आहे. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम सोसायटीला लावता येत नाही. मालकाने कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत सोसायटीत जमा करावी. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवण्याचे आदेश मुंबई-पुण्यात निघत असतात, फॉर्म ऑनलाइन भरता येतो, आणि ती न दिल्यास गुन्हा मालकावर दाखल होतो. परदेशातल्या मराठी घरमालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मालक अनिवासी असेल, तर भाडेकरूने करकपात करूनच भाडं पाठवायचं असतं. हे आधी बोललेलं नसलं की न्यू जर्सीत बसलेल्या मालकाला वाटतं भाडेकरूने पैसे मारले, आणि भाडेकरू बिचारा कायदा पाळत असतो.

नातेवाइकाला किंवा ओळखीच्या माणसाला घर देताना कागद करायला संकोच वाटतो. गोव्यातल्या एका बहीण-भावाचा वाद याच संकोचातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बहिणीच्या घरात भाऊ तिच्या वतीने देखभाल करत राहत होता. पुढे त्याने ताब्यावर हक्क सांगितला. २०१२मध्ये न्यायालयाने निकाल बहिणीच्या बाजूने दिला. विश्वासाने राहायला दिलेल्या माणसाला, तो कितीही वर्षं राहिला तरी, त्या जागेत हक्क मिळत नाही, असं न्यायालयाने बजावलं. बहीण जिंकली, पण तिथवर पोहोचायला तिला किती कोर्टांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, हे विसरून चालणार नाही. सख्ख्या भावासाठीही लायसन्सचा करार करता येतो.

एवढं सगळं करूनही एखादा माणूस मुदत संपल्यावर घर सोडत नाही. फोन उचलत नाही, पुढच्या महिन्याचा वायदा करतो, मग तोही मोडतो. या टप्प्यावर घरमालकाचं डोकं फिरतं. नळाचा कॉक बंद करणं, मीटरचा फ्यूज काढणं, भाडेकरू कामावर गेला की दाराला दुसरं कुलूप घालणं हे सल्ले द्यायला शेजारीपाजारी तयार असतात. जिंकलेली बाजू हरण्याची वेळ नेमकी हीच. भाडेकरूचं पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट, सफाई अशा अत्यावश्यक सेवा तोडायला भाडे कायद्याच्या कलम २९ने मनाई केली आहे आणि त्यासाठी शिक्षाही आहे. विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ची वाटही आहे: कायद्याबाहेर जाऊन ज्याचा ताबा काढला गेला, तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हे पाहिलं जात नाही. १९८९मध्ये कृष्णा राम महाले खटल्यात, एका उपाहारगृहाच्या ताब्याच्या वादात, सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. स्थिर ताब्यात असलेल्या माणसाला, त्याला तिथे राहण्याचा हक्क उरलेला नाही असं धरलं तरी, मालकाला कायद्याची वाट सोडून बाहेर काढता येत नाही. घाईत घातलेल्या एका कुलपाने मुदत ओलांडून बसलेला माणूस फिर्यादी होतो आणि घरमालक आरोपी.

कायद्याची वाट अशी आहे. मुदत संपण्याच्या महिना-दोन महिने आधीच लेखी कळवावं की करार वाढवायचा नाही; व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं तरी त्याच्या जोडीला ईमेल किंवा रजिस्टर्ड पोस्ट असू द्यावं. मुदतीनंतरही तो राहिला, तर वकिलामार्फत नोटीस द्यावी आणि तीत दुप्पट भरपाईचा उल्लेख ठळक करावा. मुदत संपल्यावर नेहमीसारखं भाडं मुकाट्याने घेत राहू नये. घ्यावंच लागलं तर ‘नुकसानभरपाईपोटी, हक्क राखून’ असं लिहून घ्यावं. मग सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा. इथे कायदा मालकाच्या बाजूला झुकलेला आहे: समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत राहणाऱ्याने शपथपत्र देऊन आपली कारणं सांगायची आणि बाजू मांडायची परवानगी मिळवायची, ती मिळाली नाही, तर मालकाचं म्हणणं मान्य झालेलं धरलं जातं. हा मार्ग राहण्याच्या जागेपुरता आहे, दुकान-गाळ्यासाठी नाही. त्यांचे वाद जिथे लघुवाद न्यायालय आहे तिथे त्या न्यायालयात आणि इतरत्र दिवाणी न्यायालयात जातात.

आदेश मिळेपर्यंतचा काळ कोणालाच सुखाचा नसतो. म्हणून अर्ज दाखल केल्यावरही बोलणं बंद करू नये. भाडेकरूची नोकरी गेली आहे का, मुलाची दहावीची परीक्षा आहे का, दुसरीकडे भरायला डिपॉझिट नाही का, हे विचारलं की पुष्कळदा अडचणीचं खरं कारण हाती लागतं. त्याला तीन आठवड्यांची ठरलेली तारीख आणि घर सोडल्याच दिवशी डिपॉझिट परत, एवढ्यावर किती तरी प्रकरणं मिटू शकतात. ही तडजोड तोंडी ठेवू नये. जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल होण्यापूर्वीचं प्रकरणही लोकअदालतीत ठेवता येतं. तिथे झालेल्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकुमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नसतं. दोघांच्या मधे बसून समजूत घालणारा त्रयस्थ हवा असेल, तर २०२३च्या मध्यस्थी कायद्याने त्यालाही मान्यता दिली आहे.

घर रिकामं होतं त्या दिवशी ताबापावती करायची राहून जाते. किल्ल्या किती मिळाल्या, मीटरचा आकडा काय, वीजबिल कुठवर भरलं, डिपॉझिटमधून काय कापलं आणि किती रक्कम कोणत्या खात्यात पाठवली, एवढं लिहून दोघांनी सही करावी आणि पहिल्या दिवशीची यादी शेजारी ठेवून घरातून पुन्हा एक फेरी मारावी. पोलिसांकडची आणि सोसायटीतली जुनी नोंदही त्याच आठवड्यात बदलून घ्यावी. पुढचा भाडेकरू येतो तेव्हा ती आडवी येते.

पागडीच्या जुन्या घरांचा प्रश्न यापेक्षा वेगळा आहे. थकलेल्या भाड्यासाठी नव्वद दिवसांची नोटीस, वर्षाला चार टक्क्यांची भाडेवाढ, सहा महिने बंद ठेवलेली खोली आणि पुनर्विकासात भाडेकरूचा हक्क, यांचा विचार पुढच्या लेखांकात.